बर्फ कोणाच्या दारात लोटायचा?

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, या बायांना झालंय तरी काय! बाहेर ऊन मी म्हणतंय, विहिरींनी तळ गाठलाय, आणि या बर्फाच्या गोष्टी सांगायला बसल्यात. पण थोडा वेळ द्या. जगातल्या कितीतरी बायका हिवाळ्यात सकाळी उठून पहिलं काम करतात ते दारातला बर्फ काढण्याचं. आपण अंगण झाडतो, सडा घालतो, तसं त्या फावडं घेऊन बाहेर पडतात. या कामाला मोठा इतिहास आहे. त्यात घोडे आहेत, यंत्रं आहेत, मीठ आहे. बर्फापायी खुर्ची गेलेले महापौरसुद्धा आहेत.

आधी बर्फाचं वजन समजून घेऊ. बर्फ पडताना कापसासारखा दिसतो, म्हणून वाटतं की तो हलका असणार. समजा दहा फूट लांब, दहा फूट रुंद असं अंगण आहे आणि त्यावर एक फूट ताजा बर्फ पडलाय. तो भरतो अडीचशे ते तीनशे किलो. म्हणजे धान्याची पन्नास किलोची पाच-सहा पोती. बर्फ दोन दिवस राहिला, दबला, ओला झाला, की तेवढ्याच फावडीभर बर्फाचं वजन तिप्पट होतं. हे एवढं ओझं फावड्याफावड्याने उचलायचं, तेही हाडं गोठवणाऱ्या थंडीत. बर्फ काढताना हृदयविकाराचा झटका येऊन दरवर्षी माणसं जातात, ती उगाच नाही.

आणि एवढं करून तो जातो कुठे? कचरा जाळता येतो, शेण खड्ड्यात टाकता येतं. बर्फ मात्र थंडी असेपर्यंत तसाच राहतो. आपण तो इथून उचलून तिथे ठेवतो, एवढंच. आता ते 'तिथे' म्हणजे कुठे? कोणाच्या दारात, कोणाच्या वाटेवर? आम्ही हा इतिहास वाचायला घेतला तेव्हा यंत्रांपेक्षा हाच प्रश्न आमच्या मनात जास्त घोळत राहिला. म्हणून आजची गोष्ट त्याच अंगाने सांगणार आहोत.

एक काळ असा होता की बर्फ कोणी काढतच नव्हतं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या थंड मुलखात आणि कॅनडात दीड-दोनशे वर्षांपूर्वी लोक हिवाळ्यात गाड्यांची चाकं काढून ठेवत आणि त्याजागी लाकडी धावपट्ट्या लावत. झाली घसरगाडी. घोडा जुंपला की ती बर्फावरून सरसर जायची. उन्हाळ्यातल्या खाचखळग्यांच्या, चिखलाच्या वाटेपेक्षा हिवाळ्यातली ही वाट गुळगुळीत. लाकूड, धान्य असा जड माल लोक मुद्दाम हिवाळ्यासाठी राखून ठेवत. त्यामुळे बर्फ हवाच असायचा, फक्त तो नीट दाबलेला हवा. त्यासाठी माणसापेक्षा उंच असे मोठे लाकडी रूळ करून घोड्यांच्या किंवा बैलांच्या जोड्या जुंपून रस्त्यावरून फिरवत. आपण खळं करताना जमीन चोपून घट्ट करतो, त्यातलाच प्रकार.

यातली एक गंमत आम्हाला फार आवडली. त्या भागात ओढ्या-नद्यांवर लाकडी पूल होते आणि लाकूड कुजू नये म्हणून पुलांवर घरासारखं छप्पर घातलेलं असायचं. छपरामुळे पुलाच्या आत बर्फ पडेना. मग घसरगाडी पुलावर आली की कोरड्या फळ्यांवर अडायची. यावर उपाय काय केला? गावाने पैसे देऊन माणसं ठेवली आणि बाहेरचा बर्फ फावड्याने आणून पुलाच्या आत पसरायला लावला. आज जे लोक बर्फ काढायला पैसे मोजतात, त्यांचेच पणजोबा तो टाकायला पैसे मोजत होते.

खेड्यात हे चाललं, शहरात चालेना. तिथे पायी चालणारे फार. दुकानं, कारखाने वेळेवर उघडायला हवेत, दूध आणि कोळसा घरोघर पोचायला हवा. सुरुवातीला ज्याने त्याने आपल्या घरापुढचा बर्फ काढावा असा दंडक होता. पुढे नांगर आला. इंग्रजीत त्याला नांगर म्हणतात म्हणून आपणही म्हणायचं. खरं पाहिलं तर तो आपल्या केणीचा भाऊ. शेत सपाट करायला बैलांना जुंपून केणी ओढतात ना, तशी पुढे तिरकी लाकडी फळी, तिला घोडे जुंपलेले. फळी बर्फ कापत नाही, बाजूला लोटते. अशा नांगरांची पेटंटं अमेरिकेत १८४० नंतर निघू लागली आणि १८६२ मध्ये मिलवॉकी या शहराने रस्त्यावर घोड्यांचा नांगर चालवला. पाहता पाहता इतर शहरांनीही तो उचलला.

रस्ता मोकळा झाला खरा. पण बाजूला लोटलेला बर्फ गेला पदपथावर, दुकानांच्या दारांत आणि गल्ल्यांच्या तोंडावर. गाडीवाल्याची सोय झाली आणि पायी चालणारीला डोंगर चढून जायची पाळी आली. दुकानदार चिडले. आमच्या दारापुढे ढीग लावलेत, गिऱ्हाईक आत येणार कसं, म्हणून काहींनी शहरांवर दावे ठोकले. घसरगाडीवालेही ओरडू लागले, कारण खरवडलेल्या रस्त्यावर त्यांची गाडी चालेना. मग शहरांनी फावडीवाले मजूर आणि घोडागाड्या लावल्या. ढीग उचलायचे आणि नदीत नेऊन टाकायचे. हिवाळ्यात काम नसलेल्या हजारो गरिबांना त्यातून मजुरी मिळाली. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीची कामं निघायची, तसंच काहीसं.

मुख्य रस्ते आधी आणि गल्ल्या मागून, हा क्रमही तेव्हाच पडला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८८ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला असं वादळ झालं की लोक अजून त्याचं नाव काढतात. ११ मार्चला, रविवारी, पाऊस पडत होता. हिवाळा संपत आला असं लोक धरून चालले होते. मध्यरात्रीनंतर पावसाचा बर्फ झाला आणि सोसाट्याचा वारा सुटला. शहरात सुमारे २१ इंच बर्फ पडला, पण वाऱ्याने तो गोळा होऊन काही ठिकाणी दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत ढीग लागले. उंच खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेगाड्या मध्येच अडकल्या, हजारो प्रवासी त्यात कोंडले. काही हुशार लोकांनी शिड्या आणून लावल्या आणि पैसे घेऊन प्रवाशांना खाली उतरवलं. संकटात धंदा करणारा सगळीकडे असतोच. तारायंत्राच्या तारा तुटून रस्त्यावर लोंबल्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मिळून चारशेहून जास्त माणसं दगावली, त्यातली निम्मी न्यूयॉर्क शहरातली.

शहरात घोड्यांचे नांगर होते, पण एवढ्या बर्फापुढे ते टिकले नाहीत. शेवटी फावड्यांनीच शहर मोकळं केलं. त्या फावड्यांमागे इटलीहून पोटासाठी आलेले स्थलांतरित मजूर मोठ्या संख्येने होते. या वादळानंतर तारा जमिनीखालून नेण्याच्या कामाला जोर आला आणि भुयारी रेल्वेची मागणी वाढली. ती रेल्वे न्यूयॉर्कला १९०४ मध्ये धावली.

१८९५ मध्ये जॉर्ज वॉरिंग नावाचे गृहस्थ न्यूयॉर्कच्या रस्ते सफाई खात्याचे प्रमुख झाले. सफाई कामगारांना त्यांनी पांढरे शुभ्र गणवेश दिले, म्हणून लोक त्यांना 'पांढरे पंख' म्हणू लागले. त्याआधी गरीब वस्त्यांतल्या गल्ल्यांत घाण आणि बर्फ एकत्र होऊन महिनोन्‌महिने पडून राहायचा. तिथे सफाईवाला फिरकतच नव्हता. वॉरिंग यांनी त्या वस्त्यांतही माणसं पाठवली. गल्ली स्वच्छ झाली तशी पोरं खेळायला बाहेर पडली, असं त्या काळचे लोक लिहून गेलेत. वॉरिंग जेमतेम तीन वर्षं त्या जागेवर होते, तरी आज सव्वाशे वर्षांनी त्यांचं नाव घेतलं जातं.

इथे एका बाईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेरी अँडरसन या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या. तिकडे बर्फ क्वचित. १९०२-०३ च्या हिवाळ्यात त्या न्यूयॉर्कला आल्या आणि ट्रामने जाताना त्यांनी पाहिलं की समोरच्या काचेवर बर्फ साचतोय आणि चालक काच उघडून, थंडी खात, बाहेर डोकं काढून गाडी हाकतोय. रोज पाहणाऱ्यांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. मेरीबाईंनी आतून दांडा फिरवला की बाहेर रबराची पट्टी काच पुसेल अशी युक्ती काढली आणि १० नोव्हेंबर १९०३ ला तिचं पेटंट मिळवलं. आज एसटीच्या समोरच्या काचेवर पावसात जो वायपर फिरतो ना, तो हाच. त्यांना त्यातून पैसा मात्र मिळाला नाही. एका कंपनीने या वस्तूला धंद्यात काही किंमत नाही असं सांगून नकार दिला.

रस्त्यावर मोटारी आल्या आणि नांगराचे घोडे सुटले. ट्रकच्या तोंडाला लोखंडी पातं बसलं. पण नुसतं लोटून किती लोटणार? कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात आर्थर सिकार्ड नावाचे शेतकरी घरातले गृहस्थ होते. हिवाळ्यात रस्ते बंद झाले की दूध शहरात पोचेना. दूध नासलं की काय होतं ते डेअरीला दूध घालणाऱ्या आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको. सिकार्ड यांनी तरुणपणी शेतात मळणीयंत्र चालताना पाहिलं होतं. पुढून पेंढ्या आत जातात आणि भुसा लांब उडून पडतो. बर्फही असाच ओढून घेऊन लांब फेकता आला तर? हा विचार त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही. १९२५ मध्ये त्यांचं यंत्र तयार झालं आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या उत्रमाँ या गावाने पहिलं यंत्र विकत घेतलं. बर्फ ओढायचा आणि रस्त्यापासून लांब फेकायचा, नाहीतर सरळ ट्रकमध्ये भरायचा. रेल्वेसाठी असं फिरत्या पात्याचं यंत्र कॅनडातच त्याआधी निघालं होतं, आणि त्याची पहिली कल्पना मांडणारा माणूस टोरांटोचा दातांचा डॉक्टर होता! दात कोरता कोरता त्याला हे कसं सुचलं कोण जाणे.

आता मिठाकडे वळू. जत्रेत हाताने फिरवायचा आईस्क्रीमचा पॉट तुम्ही पाहिला असेल. लाकडी बादलीत बर्फ घालतात आणि वर खडे मीठ. मीठ पडलं की बर्फ वितळायला लागतो, आणि ते खारं पाणी साध्या बर्फापेक्षाही गार होतं, तरी गोठत नाही. रस्त्यावर हीच युक्ती चालते. मीठ टाकलं की बर्फाचं पाणी होतं आणि तो रस्त्याला चिकटून बसत नाही. फार कडाका पडला, पारा शून्याखाली नऊ-दहा अंशांच्या पलीकडे गेला, की मात्र मिठाचा जोर कमी पडतो.

मीठ टाकणं तसं जुनं. एकोणिसाव्या शतकातही ट्रामच्या रुळांवर टाकत. पण तेव्हा लोकांनी विरोध केला. खाऱ्या चिखलाने घोड्यांचे पाय खराब होतात, बुटांची वाट लागते, अशी तक्रार होती. मोटारी आल्यावर घोड्यांची बाजू घेणारं कोणी उरलं नाही. न्यू हॅम्पशायर या राज्याने १९३८ मध्ये रस्त्यांवर मीठ टाकून पाहिलं आणि १९४१ च्या हिवाळ्यापासून ते नेहमीचंच केलं. त्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेत मिळून पाच हजार टन मीठ रस्त्यावर पडलं. आता दरवर्षी साधारण दोन कोटी टन पडतं.

दोन कोटी टन मीठ जातं कुठे? पाण्याबरोबर ओढ्यात, तळ्यात आणि जमिनीत. रस्त्याकडेच्या विहिरी खारट झाल्या. झाडं जळली, पुलांचं लोखंड गंजलं. विहीर खारी होणं म्हणजे काय ते आपल्या खारपाण पट्ट्यातल्या बहिणींना विचारा. म्हणून आता तिकडे मिठाचा हात आखडता घेतात, कुठे वाळू टाकतात, कुठे मिठाच्या पाण्यात बीटाच्या साखर कारखान्यातली मळी मिसळतात. मळीने मीठ रस्त्याला धरून राहतं आणि कमी लागतं. आपल्या उसाच्या मळीची सख्खी चुलत बहीणच म्हणा.

जपानने वेगळी वाट धरली. तिथे समुद्राकडच्या निइगाता भागात माणूसभर बर्फ पडतो. नागाओका या शहरात तांदळाचा खाऊ बनवणारे एक कारखानदार होते. जमिनीतलं पाणी जिथे वर येतं तिथे बर्फ टिकत नाही, हे त्यांनी पाहिलं. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, हा आपलाही अनुभव. मग १९६१ मध्ये तिथे रस्त्याच्या मधोमध नळ टाकून बारीक छिद्रांतून जमिनीतलं पाणी उडवायला सुरुवात झाली. तेरा-चौदा अंशांचं ते पाणी बर्फ पडता पडताच वितळवतं. ठिबक सिंचनासारखी सोय, फक्त पिकाऐवजी रस्त्याला. शेजारच्या शहरांनी लगेच नक्कल केली. पण एकदा उपसा सुरू झाला की तो थांबतो का? जो तो पंप लावू लागला. पाण्याची पातळी उतरली, काही ठिकाणी जमीन खचली. मग उपशावर बंधनं आली आणि बर्फ पडत असेल तेव्हाच पंप चालू राहील अशी उपकरणं बसवावी लागली. बोअर मारून मारून काय होतं ते सांगायला आपल्याला जपानला जायची गरज नाही.

त्याच भागात ताकादा म्हणून जुनी वस्ती आहे. तिथल्या लोकांनी दुसरंच केलं. प्रत्येकाने आपल्या घराची पडवी पुढे काढली, शेजाऱ्याच्या पडवीला जोडली, आणि गावभर छपराखालून चालायची वाट तयार झाली. त्या वाटेला ते 'गांगी' म्हणतात. जमीन ज्याची त्याची खाजगी, छप्पर ज्याचं त्याने दुरुस्त करायचं, पण वाट सगळ्यांची. बाहेर कितीही बर्फ पडो, बाजारात जाता येतं. शेकडो वर्षं झाली, अजून कितीतरी किलोमीटर गांगी वापरात आहे. आम्हाला विचाराल तर आजच्या गोष्टीत सगळ्यात शहाणपणाचं काम हेच.

आता त्या क्रमाच्या प्रश्नाकडे येऊ. कोणाचा रस्ता आधी?

१९६९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला पंधरा इंच बर्फ पडला. १८८८ पेक्षा कमीच. पण मधला मॅनहॅटनचा भाग मोकळा झाला आणि क्वीन्स नावाचा, कामकरी लोकांच्या वस्तीचा मोठा भाग जवळजवळ आठवडाभर तसाच राहिला. बरीच यंत्रं तर नादुरुस्तच होती. शहरात बेचाळीस माणसं गेली, त्यातली निम्मी क्वीन्समधली. शांततेचं नोबेल मिळालेले राल्फ बंच तिथेच राहायचे. त्यांनीही महापौरांकडे तक्रार केली. महापौर जॉन लिंडसे भेटीला गेले तर त्यांची गाडी बर्फात अडकली आणि लोकांनी तोंडावर हुर्यो केली.

दहा वर्षांनी शिकागोत याच्याही पुढची गोष्ट घडली. १९७९ च्या जानेवारीत दोन दिवसांत सुमारे वीस इंच बर्फ पडला, आधीचा साचलेला होताच. महापौर होते मायकेल बिलँडिक. रस्ते साफ करायला जागा व्हावी म्हणून त्यांनी लोकांना गाड्या शाळांच्या मैदानात नेऊन लावायला सांगितलं. मैदानं साफ केलीत, असं त्यांनी जाहीर केलं. लोक गेले तर मैदानात गुडघाभर बर्फ! त्यातून आणखी एक झालं. उपनगरांतून येणाऱ्या गाड्यांना उशीर होतोय म्हणून वाटेतल्या काही स्थानकांवर रेल्वे थांबवणंच बंद केलं, आणि ती स्थानकं बहुतेक काळ्या लोकांच्या वस्त्यांतली. पहाटेची पाळी गाठायला उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोरून भरलेली गाडी न थांबता निघून जायची. मनाला लागायला अजून काय हवं?

जेन बर्न या बाई त्याच पक्षात बिलँडिक यांच्याविरुद्ध उमेदवारी मागत होत्या. त्या निवडून येतील असं कोणी धरलं नव्हतं. बिलँडिक यांच्यामागे पक्षाची सारी यंत्रणा होती. बर्नबाईंनी भर बर्फात उभं राहून प्रचाराची जाहिरात केली. २७ फेब्रुवारीला मतदान झालं आणि थोड्या मतांनी का होईना, त्या जिंकल्या. न थांबलेल्या गाड्यांच्या वस्त्यांनी त्यांना भरभरून मतं दिली. पुढे मुख्य निवडणूकही त्यांनी मोठ्या फरकाने जिंकली आणि शिकागोला पहिली बाई महापौर मिळाली. तेव्हापासून अमेरिकेतल्या थंड शहरांत कोणताही महापौर बर्फाचा अंदाज आला की झोपत नाही म्हणतात.

आणि आता स्वीडन. कार्ल्सकोगा हे तिथलं छोटं शहर. नाव ऐकलं नसेल, पण तिथे तयार होणारी वस्तू तुम्हाला माहीत आहे. बोफोर्स तोफ! बोफोर्सचा कारखाना याच गावचा. तिथल्या नगरपालिकेने २०११ मध्ये ठरवलं की आपला प्रत्येक नियम बायका आणि पुरुष दोघांच्या बाजूने तपासून पाहायचा. तेव्हा एक अधिकारी हसून म्हणाला म्हणे, की बर्फ काढण्यात तरी ही मंडळी नाक खुपसणार नाहीत. त्याचं हसणंच निमित्त झालं. मंडळींनी तपासायला घेतलं.

क्रम जुनाच होता. आधी मोठे रस्ते, मग पदपथ आणि सायकलच्या वाटा. शंभर वर्षांपूर्वीच्या घोड्यांच्या नांगरासारखाच. मोठ्या रस्त्याने कोण जातं? मोटारीने सरळ कामावर जाणारे, त्यात पुरुष जास्त. पायी, सायकलने, बसने कोण जातं? बायका जास्त. बाईचा प्रवास सरळ नसतो. आधी पोराला पाळणाघरात सोडायचं, मग कामावर, येताना दुकान, मध्येच म्हाताऱ्या सासूकडे डोकवायचं. तोही कधी बाबागाडी ढकलत. चार बोटं बर्फातून मोटार जाते, बाबागाडी जात नाही.

उत्तर स्वीडनमध्ये १९८५ पासून दवाखान्यात आलेल्या अपघातांची नोंद ठेवलेली आहे. ती पाहिली तर घसरड्या दिवसांत मोटारवाल्यांच्या तिप्पट पायी चालणारे जखमी झालेले, आणि त्यात बायकांची संख्या जास्त. मोडलेला हात, मोडलेलं कंबरेचं हाड, त्याचा दवाखान्याचा खर्च, बुडालेला रोज. हा खर्च बर्फ काढण्याच्या हिशोबात कोणी धरलाच नव्हता, कारण तो दुसऱ्या खात्याच्या वहीत लिहिला जायचा.

कार्ल्सकोगाने क्रम उलटा केला. आधी पाळणाघरांच्या आणि शाळांच्या वाटा, पदपथ, बसचे थांबे. मोठे रस्ते नंतर. खर्च त्यामुळे वाढला नाही. स्वीडनच्या आणखी शहरांनी हे उचललं, राजधानी स्टॉकहोमनेही.

स्टॉकहोमला मात्र एकदा फजिती झाली, तेही सांगायला हवं. ९ नोव्हेंबर २०१६ ला तिथे एका दिवसात ३९ सेंटीमीटर बर्फ पडला. शंभरहून जास्त वर्षांत नोव्हेंबरमध्ये एवढा पडला नव्हता. शहर ठप्प झालं. लगेच टीकाकार सरसावले की बघा, बायकांच्या सोयीचं करायला गेले आणि सगळ्यांचीच गैरसोय केली. पण त्या दिवशी पदपथही मोकळे नव्हते आणि सायकलच्या वाटाही नव्हत्या. ठरवलेला क्रम कागदावर होता, प्रत्यक्षात यंत्रं आणि माणसं पुरी पडली नाहीत. दोष हाताशी असलेल्या बळाचा होता, आला क्रमावर. नवीन काही करायला घेतलं आणि पहिल्याच पावसात गळलं की गावात काय बोलतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या देशातही बर्फ काढण्याचं काम चालतं, तेही जगातल्या अवघड कामांपैकी. हिमालयातले रस्ते सीमा सडक संघटना सांभाळते. ती १९६० मध्ये सुरू झाली. काश्मीरमधून लडाखला जाताना साडेअकरा हजार फुटांवर जोझिला घाट लागतो. पूर्वी तो हिवाळ्यात सहा-सहा महिने बंद असायचा. पलीकडच्या द्रास-कारगिलच्या लोकांनी धान्य, रॉकेल, औषधं आधीच भरून ठेवायची आणि रस्ता उघडायची वाट बघायची. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यातही तसंच. बर्फ पडला की रोहतांग घाट बंद, आणि अडलेल्या बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला हेलिकॉप्टर मिळालं तर मिळालं. घराच्या सपाट छतावरचा बर्फ मात्र ज्याचा त्यानेच वेळच्या वेळी काढायचा, नाहीतर छत खाली यायचं. रोहतांगच्या पोटातून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला तेव्हा त्या खोऱ्याची हिवाळ्यातली वाट उघडली.

सीमा सडक संघटनेत आपल्या वर्ध्याच्या वैशाली हिवसे या अभियंता आहेत. कारगिलला कठीण काळ काढून आल्यावर २०२१ च्या एप्रिलमध्ये चीन सीमेवरच्या रस्त्याचं काम पाहणाऱ्या तुकडीची सूत्रं त्यांच्याकडे आली. रस्ता बांधणाऱ्या अशा तुकडीची प्रमुख होणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्या रस्त्यांवर खडी फोडणारे, फावडी मारणारे बरेच मजूर झारखंडहून येतात, हेही इथेच सांगून ठेवतो.

जोझिलाचा बर्फ काढायला दोन पथकं लागतात. एक सोनमर्गच्या बाजूने चढतं, दुसरं द्रासच्या बाजूने. डोझर आणि बर्फ कापणारी यंत्रं पुढे, दोन्ही कडेला बर्फाच्या भिंती, आणि वरून केव्हा कडा सुटेल याचा नेम नाही. दोन्ही पथकं मध्ये कुठेतरी एकमेकांना भेटली की रस्ता झाला. २०२५ मध्ये हा घाट ३२ दिवसच बंद राहिला आणि १ एप्रिलला उघडला. तुमच्यापैकी कितीतरी जणींचे भाऊ, दीर, मुलगे सैन्यात आहेत आणि त्या रस्त्याने गेलेले आहेत. ते सुट्टीवर आले की तिथला बर्फ कसा काढतात ते त्यांना विचारा, आणि पुढच्या बैठकीला येताना त्यांचं बोलणं फोनवर टिपून आणा. ते आम्ही रेडिओवर ऐकवू.